वाकड्या फक्कीवरचा डाव

हडपसरच्या गावठाणामागे एक मोकळा तुकडा होता. आधी तिथे कांद्याचं वावर होतं. मग बिल्डर आला, टॉवर उभे राहिले आणि हा तुकडा बागेसाठी म्हणून सोडला. ‘नियोजित उद्यान’ अशी पाटी लावली. पाटी गंजली, बाग काही आली नाही. आली ती चंद्राताई, दोन खांब रोवून.

चंद्राताई म्हणजे चंद्रभागा. खराडीच्या एका आयटी कंपनीत हाऊसकीपिंगची सुपरवायझर. पहाटेची ड्यूटी करायची, दुपारी सुटली की बस पकडायची, घरी जाऊन साडी बदलून सलवार-कमीज घालायची आणि उन्हं कलली की मैदानावर हजर. बरोबर एक थर्मास, एक शिट्टी आणि एक डबा. पोरींना खो-खो शिकवायची. फी नाही, टी-शर्ट नाही, फोटो नाही. कुणी विचारलं, “ताई, तुमच्या क्लबचं नाव काय?” तर म्हणायची, “नाव ठेवायला लोक आहेत की पुण्यात.”

तो डबा महत्त्वाचा. जुना डिस्टेंपरचा डबा, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली. त्यात फक्की भरायची, चुन्याची पांढरी पूड, आणि डबा हलवत हलवत उलटं चालायचं. मागे रेघ उमटत जाते. या खांबापासून त्या खांबापर्यंत मधली पाटी, म्हणजे लांब पट्टा, मग आडव्या पाट्या, आणि दोन्ही छेदतात तिथे बसायचे चौकोन. दिसायला सोपं काम आहे. करून बघा. हात एकसारखा हलला पाहिजे, श्वास एकसारखा पाहिजे. डोक्यात काही शिजत असेल तर रेघ लगेच सांगते. कुठे फक्कीचा ढीग पडतो, कुठे रेघ तुटते, कुठे साप गेल्यासारखी वळते.

ताईचा नियम असा. ज्या पोरीचं त्या दिवशी बिनसलंय तिने फक्की मारायची. घरी भांडण झालं, पेपर अवघड गेला, कुणी काही बोललं, ताई काही विचारायची नाही. तोंड बघायची आणि डबा हातात द्यायची. “जा, रेघ मार.” पोरगी रडत रडत मारायची. रेघ कशीही येवो, त्या दिवशी सगळ्यांनी त्याच रेघेवर खेळायचं. हसायचं नाही, नीट करायची नाही, बोलायचं तर मुळीच नाही. रेघेवरून सगळ्यांना कळायचं की आज हिचं काय चाललंय. आणि खेळताना ती पोरगी बघायची की आपण वाकडं मारलं तरी डाव झाला, आभाळ काही कोसळलं नाही.

हे ताईने कुठे वाचलेलं नव्हतं. ती स्वतः जिल्ह्याकडून खेळायची तेव्हा एका सामन्यात खो मिळायच्या आधीच उठली, फाउल झाला, सामना गेला. सगळ्यांसमोर रडू फुटलं. सर म्हणाले, “रडायचं तर घरी जा.” ती गेली. पुढची बारा वर्षं खांबाला हात लावला नाही. म्हणून तिच्या मैदानावरून रडत घरी कुणाला जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिने ठरवलेलं.

आता निकिताचं.

निकिताचे वडील सहासीटर रिक्षा चालवायचे. सोलापूर रोडला गेले, एका ट्रकखाली. निकिताने नववी सोडली, बोलणंही सोडलं. एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली आणि सुटल्यावर मैदानाच्या भिंतीवर बसून खांबाला दगड मारायची. एक दिवस ताई भिंतीपाशी आली.

“नेम चांगला आहे. हात पण चांगला आहे. हे धर.”

“काय आहे?”

“फक्की. रेघ मारायची.”

“मला नाही येत.”

“मग वाकडी मार. तुला कोण सोनेरी पदक देणार आहे.”

निकिताने मारली. रेघ कसली, सगळा पसारा होता. पोरी निमूटपणे त्याच्यावर खेळल्या. खेळ संपल्यावर ताईने थर्मासचं झाकण भरून चहा दिला. स्टीलचं झाकण, चटका बसणारं. निकिताने दोन्ही हातांनी धरलं आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदा तिचा खालचा ओठ थरथरला. ताई दुसरीकडे बघत बसली. निकिता नंतर म्हणायची की माझा जीव त्या झाकणात आहे. तिला असं बोलायची सवय होती.

पुढचे कितीतरी महिने डबा तिचाच होता. रोज रेघ वाकडी. मग थोडी कमी वाकडी. मग एक दिवस कल्याणी, म्हणजे तिची मैत्रीण, गावठाणातली, तोंडाची फाटकी, नियम मोडून म्हणालीच, “अगं बये, आज तर इस्त्री केल्यासारखी आलीय.” सगळ्या हसल्या. निकितापण हसली. त्या दिवशी तिला फार भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी डबा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला, तेव्हा कुठंतरी टोचलं, पण तिने मनावर घेतलं नाही. ती आता टीमची सगळ्यात तेज पोरगी होती. ताई तिला नव्या पोरींसमोर उभी करायची आणि म्हणायची, “हिला बघा.” निकिता ताईसाठी कुणाशीही भांडायला तयार. एकदा एक रिक्षावाला ताईला काहीतरी बोलला, तर हिने त्याची चावी काढून नाल्यात टाकली.

शेफाली आली मंदीच्या वर्षी. कंपन्यांमधून माणसं कमी होत होती. शेफालीची आई पद्मजा ताईच्याच कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या जागेवर. वडील ऑनसाइट, अमेरिकेत. पोरगी दहावीला, कोथरूडला दोन-दोन क्लास लावलेले. प्रिलिमचा पेपर हातात आला की हिचे हात कापायचे, उलटी व्हायची. काउन्सेलरबाई चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या, औषध नको, आधी खेळाला घाला, घामाचा खेळ, टीमचा. पद्मजा कंपनीच्या वॉशरूममध्ये तोंड धूत होती तेव्हा ताईने विचारलं, “मॅडम, डोळ्यात साबण गेला का दुसरं काही?” तिथून हे सगळं झालं.

शेफाली कारमधून उतरली तेव्हाच निकिताला ती आवडली नाही. पांढरे बूट. पाण्याच्या बाटलीला वेगळी पिशवी. आणि डोळे असे, की आत्ता कुणी मोठ्याने बोललं तर फुटतील.

ताईने तोंड बघितलं आणि डबा तिच्या हातात दिला.

“तुम्ही... मला कसं करायचं ते दाखवाल?” शेफाली म्हणाली.

“दाखवायचं काय. हलव आणि चाल.”

रेघ भयंकर आली. पोरी निमूट खेळल्या. निकितापण खेळली, नियम तो नियम. पण खेळून झाल्यावर तिने बघितलं, तर झाकण शेफालीच्या हातात होतं. दोन्ही हातांनी धरलेलं. आणि ताई दुसरीकडे बघत बसलेली, अगदी तशीच.

निकिता उठून भिंतीवर जाऊन बसली.

तिला वाटलं, आजच्या दिवसाचं आहे. पण उद्याही डबा शेफालीकडे. परवाही. ताई तिला खांबाभोवती वळायला शिकवायची, स्वतः तिच्या पाठीला हात लावून. “अगं, पाय आधी, मग अंग. घाबरतेस काय, खांब काही चावत नाही.” निकिताला खांब शिकवायला ताईने एवढा वेळ दिला होता का? दिला होता. जास्तच दिला होता. पण ते आठवायच्या मनःस्थितीत ती नव्हती.

ती आता मोजायला लागली. ताई आज शेफालीशी किती बोलली. माझ्याशी किती. माझ्याशी बोलली ते काय, “निकिता, पाणी मार”, “निकिता, गेटला कुलूप लाव”, “निकिता, नव्यांना बसवून दाखव.” म्हणजे आपण घरातल्या कपाटासारख्या. आहे, उभं आहे, उघडलं की उघडतं. कपाटाला कुणी चहा देत नाही.

“तू काय तोंड करून बसलीयस?” कल्याणीने विचारलं.

“काही नाही.”

“त्या कोथरूडच्या क्लासवाल्या बाईवर जळतीयस व्हय?”

“ती मगरपट्ट्यात राहते. क्लास कोथरूडला आहे.”

“बघ, पत्ता पण पाठ हाय.”

“गप ए.”

सगळ्यात वाईट काय, तर निकिताला स्वतःचीच लाज वाटायची. शेफाली वाईट पोरगी नव्हती. बाटलीतलं पाणी सगळ्यांना द्यायची, निकिताला बघून तिच्यासारखे केस वर बांधायला लागली होती. एकदा म्हणाली, “ताई सांगत होती, तू पण आधी असंच मारायचीस. मग मला जरा बरं वाटलं.”

निकिताने दोन गोष्टी ऐकल्या. एक, ताईने तिची गोष्ट हिला सांगितली. दोन, ‘सांगत होती’. आल्यावर अहो-तुम्ही करणारी पोरगी आता ताईला अगं-तुगं करत होती. मैदानावर ताईला ‘तू’ म्हणायला निकिताला एक पावसाळा लागला होता.

त्या रात्री घरी तिने आईला विचारलं, “मी आजारी पडले तर बरं होईल का?” आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, “कुणाला बरं होईल? मला तर सुट्टी नाही.”

आजारी पडणं जमलं नाही. रडायचा प्रयत्न केला, तोही जमेना. एक दिवस ती तोंड पाडून ताईसमोर उभी राहिली. ताईने बघितलं. डबा पायाशीच होता. ताई म्हणाली, “झोप झाली नाही का? दुकानात काम जास्त असेल तर आज लवकर जा.” आणि डबा शेफालीला दिला. शेफालीची रेघ आता थोडी कमी वाकडी यायला लागली होती. निकिता ती रेघ येताना बघत राहिली आणि तिला वाटलं, हिची रेघ सरळ झालीच नाही पाहिजे. मग वाटलं, नको, लवकर सरळ होऊ दे, म्हणजे डबा जाईल हिच्याकडून. दोन्ही एकदमच वाटलं.

कोथरूडला एका मंडळाचे सामने होते. ताईची टीम पहिल्यांदा शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली. शेफालीला ताईने खेळवलं. बसायला, मधल्या चौकोनात.

खो-खो ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर असं, की पाठलाग करणाऱ्या आठ जणी ओळीत बसतात, एक या बाजूला तोंड करून, एक त्या बाजूला. नववी समोरच्या टीमच्या पोरीमागे पळते, पण तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालायचा. समोरचीला हात लागत नसेल तर ती बसलेल्या एखादीच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ देते, मग ती उठून पळते आणि ही तिच्या जागी बसते. बसलेलीने खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. तिला मागचं दिसत नाही. ती फक्त पाठीवर थाप पडायची वाट बघते.

शेवटचा डाव. समोरच्या टीमची एक पोरगी राहिली होती. ती बाद झाली की सामना आपला. वेळ संपत आलेली. पळत होती निकिता. समोरची पोरगी दमली होती, पाटी ओलांडून पलीकडे गेली आणि थेट शेफालीच्या समोर येऊन अडखळली. हातभर अंतर. निकिता शेफालीच्या मागे होती. शेफालीची पाठ समोर होती, केस वर बांधलेले, निकितासारखे. एक थाप दिली असती, शेफाली उठली असती, हात लांब केला असता, संपलं असतं.

आणि मग ताईने शेफालीला मिठी मारली असती. सगळ्यांनी शेफालीला उचललं असतं.

निकिता पुढे गेली. खांबाला वळून मीच धरते, असं तिने स्वतःला सांगितलं. ती खांबाला वळेपर्यंत समोरच्या पोरीने श्वास घेतला आणि सटकली. शिट्टी वाजली.

टीमला सगळं दिसलं होतं. ताईला तर दिसलंच. शेफालीला दिसलं नव्हतं, तिची पाठ होती.

परतीच्या बसमध्ये कल्याणी पुढच्या सीटवर जाऊन बसली. नेहमी निकिताशेजारी बसायची. डेक्कन गेलं, स्वारगेट गेलं, ताई खिडकीतून बाहेर बघत होती. शेफालीने आईला गाडी आणू नको म्हणून सांगितलं होतं, टीमबरोबर यायचं म्हणून. ती निकिताच्या शेजारी येऊन बसली.

“ती पोरगी माझ्यासमोरच होती. मी हळू आहे ना, म्हणून नाही दिलास खो?”

निकिता तिकीट दुमडत राहिली.

“बरोबर केलंस. मी उठले असते आणि पडले असते. माझं असंच होतं. शेवटच्या क्षणी.”

तिने हात मांडीखाली दाबून धरले होते.

दुसऱ्या दिवशी निकिता सगळ्यांच्या आधी मैदानावर आली. पाणी मारलं, दगड वेचले. तिला ठाऊक होतं आज काय होणार. ताई शिव्या घालेल किंवा घरी जा म्हणेल किंवा डबा देईल. खरं सांगायचं तर शिव्या आणि डबा, दोन्ही चाललं असतं. डबा मिळाला असता तर रेघ अशी मारली असती की पुऱ्या हडपसरला दिसली असती.

ताई आली. थर्मास ठेवला. डबा उचलला. निकिताने हात पुढे केला.

ताईने तो हात बघितला आणि डबा घेऊन स्वतःच खांबापाशी गेली.

ताईला फक्की मारताना पोरींतल्या एकीनेही कधी बघितलं नव्हतं. ती उलटं चालायला लागली. डबा हलत होता. पहिल्या चौकोनापर्यंत ठीक. मग ढीग पडला. मग रेघ तुटली. ताई थांबली, कपाळ पुसलं, परत चालली. मधल्या चौकोनापाशी, जिथे शेफाली बसते, तिथे रेघ एवढी बाहेर गेली की नवीन पोरगीसुद्धा लाजली असती. ताईने पुऱ्या पाट्या आखल्या. सगळ्या तशाच.

पोरी बघत राहिल्या. कल्याणी तोंड उघडणार होती, तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

“बसा,” ताई म्हणाली.

त्या बसल्या. खेळल्या. नियम तो नियम. निकिताचे पाय त्या रेघेवर पडत होते आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं की आपण ताईच्या अंगावरून चालतोय.

खेळ संपल्यावर ती नळापाशी ताईजवळ गेली.

“तू मला काही बोलली का नाहीस?”

“रेघ बघितलीस ना?”

“बघितली.”

“मग अजून काय पाहिजे? चौकात फ्लेक्स लावू?”

निकिता उभी राहिली. नळाचं पाणी वाया चाललं होतं, तिने बंद केला.

“मला डबा पाहिजे होता,” ती म्हणाली. “कधीपासून. तू तिला देतेस. झाकण पण तिला. मला म्हणतेस कुलूप लाव.”

ताईने ओले हात ओढणीला पुसले.

“तुझ्या रेघा सरळ यायला लागल्या होत्या.”

“म्हणून काय झालं?”

“म्हणून मला वाटलं, सुटली पोरगी. एक सुटली की दुसरीला धरायचं. माझे हात दोनच आहेत बाई.” मग म्हणाली, “तोंड पाडून उभी राहिलीस तेव्हा झोप म्हणाले मी. तेवढं चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं.”

निकिता एक पाऊल पुढे सरकली. तिला वाटलं, आता ताई जवळ घेईल.

ताईने घेतलं नाही.

“पण पाठ होती समोर,” ताई म्हणाली. “तू ती बघून पुढे गेलीस. सामना गेला त्याचं काही नाही, सामने जातात. ती पोरगी काल बसमध्ये हात दाबून बसली होती, मी बघितलं. तिला वाटतंय चूक तिची. हे तू मला येऊन सांगतेस. मला काय करायचंय?”

“तिला सांगू?”

“मी काय वकील आहे? तुझं तू बघ. आणि घरी जाऊ नको हां आत्ता. कुणालाच जाऊ देत नाही मी असं.”

शेफाली उद्यानाच्या गंजक्या पाटीखाली बसून बुटातली माती झाडत होती. निकिता तिच्यासमोर उभी राहिली. गोड बोलणं तिला कधी जमलं नव्हतं, तेव्हाही जमलं नाही.

“तू हळू नाहीयेस. मी मुद्दामच खो दिला नाही.”

शेफालीने वर बघितलं.

“का?”

“तुझ्यावर जळते म्हणून.”

“माझ्यावर?” शेफालीला खरंच कळेना. “माझ्यावर कशाला? मला तर पेपर बघून उलटी होते.”

“त्याच्यावरच.”

हे ऐकून कुणी हसलं असतं. शेफाली हसली नाही. तिचं तोंड लाल झालं, नाक लाल झालं. तिने एक बूट घातला, दुसरा हातात घेतला आणि तशीच एका पायाने गेटकडे निघाली. “मला वाटलं मीच...” एवढंच म्हणाली. ताईने शिट्टी वाजवली. शेफाली थांबली. परत आली, निकितापासून लांब जाऊन बसली. ताईने झाकण भरून दिलं आणि निकिताने ते बघितलं. जळालंच. जळायचं ते एका दिवसात थोडंच थांबतं.

पुढच्या दिवशी डबा शेफालीच्या हातात. रडत नव्हती. दात ओठावर दाबून डबा असा हलवत होती की फक्की उडून तिच्या पांढऱ्या बुटांवर बसत होती. रेघ पहिल्या दिवसापेक्षाही वाईट आली. या वेळी ती कुणामुळे आली ते सगळ्यांना ठाऊक होतं. निकिता त्या रेघेवर बसली, मधल्या चौकोनात. ताईने तिला तिथेच बसवलं होतं. पळणार होती शेफाली.

डाव सुरू झाला. निकिताला मागचं दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं, पांढऱ्या बुटांचा आवाज, जवळ येणारा. तिने पाय ताणून तयारी केली. आवाज पुढे गेला. दुसऱ्याच कुणाला तरी खो मिळाला.

डाव फिरून परत शेफालीकडे आला. आवाज जवळ आला. निकिताने श्वास धरला. आवाज पुढे गेला.

कल्याणी शेजारच्या चौकोनातून मान वळवून तिच्याकडे बघत होती. निकिता बसून राहिली. पाठ एवढी मोठी असते हे तिला आजवर माहीत नव्हतं. सगळं अंग म्हणजे नुसती पाठ झाली होती. शेफालीला त्या दिवशी असंच वाटलं असेल का? नाही, तिला तर कळलंच नव्हतं की मागून कुणी मुद्दाम पुढे जातंय. हे जास्त वाईट की ते, निकिताला ठरवता येईना.

ताईची शिट्टी वाजत नव्हती. ताई खांबाला टेकून उभी होती, हात बांधून.

परत तो आवाज. आला, मागे थांबल्यासारखा झाला. निकिताने डोळे मिटले.

थाप एवढ्या जोरात पडली की तिच्या तोंडातून हवा निघाली. “खो,” शेफाली ओरडली, आणि त्या ओरडण्यात अजिबात माफी नव्हती.

निकिता उठली आणि पळाली. पाठ चुरचुरत होती. समोरची पोरगी पाटीच्या पलीकडे निसटत होती, वाकड्या रेघेवरून, आणि निकिता तिच्या मागे.